कपाळापर्यंत आलेला हात

मीरा, ओजस... तुम्हा दोघांना हे लिहायला मी आजच बसले, त्याला कारण आहे. आबा गेले त्यानंतरच्या आठवड्यात ओजसने फोनवर विचारलं होतं, "आजी, आबांना नक्की काय झालं होतं?" मी बोलायच्या आत तुमच्या बाबांनीच उत्तर दिलं, "पडले ते." उत्तर खोटं नव्हतं. पण मी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आणि अर्ध्या उत्तराला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. आबा पडले ते अगदी शेवटी. त्याच्या आधी बरंच काही घडलं होतं आणि ते सगळं त्यांच्या उजव्या खांद्यापासून सुरू झालं होतं. परवा खांदशेकणी झाली, काल पोळा झाला. हे दोन दिवस कसे जातील याची मला धास्ती होती. ते गेले. आता लिहिलं नाही तर पुन्हा माझ्याकडून लिहून होणार नाही. कागद एका मासिकाच्या संपादकांकडे पाठवते आहे. छापून आलं तर बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. आबांचं बोलणं त्यांनी वऱ्हाडीतच वाचावं, सुधारून वाचू नये.

खांदशेकणी तुम्ही पाहिलेली नाही. पोळ्याची ती आदली संध्याकाळ. वर्षभर ज्यांच्या मानेवर जू असतं त्या बैलांचे खांदे त्या दिवशी गरम पाण्याने शेकायचे, त्यावर हळद आणि लोणी चोळायचं आणि कानाशी वाकून सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आवतण म्हणजे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी बैल पुरणपोळी जेवतो आणि सजून तोरणाखाली उभा राहतो. मी नागपूरची, इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्न होऊन वडनेरला आले तेव्हा बैलाच्या दोन हात जवळ जायचीही माझी तयारी नव्हती. आबांनी पहिल्याच पोळ्याला भर गावात माझ्यावर झडती रचली. झडती म्हणजे तोरणापुढे पारावर उभं राहून मोठ्याने म्हणायच्या ओळी. ज्याला जमतं तो म्हणतो, त्यात गावातल्या कुणाचीही खोड काढलेली चालते. माझ्यावरची अशी होती: "नागपूरची मॅडम आली, चष्मा लावून डोयाले, बेडूक कापते कालेजात, अन् बैलाले भेते पोयाले!" ओळ संपली की आबा उजवा हात सरळ आभाळाकडे न्यायचे. त्या हाताकडे बघत सगळं गाव थांबलेलं असायचं. हात वर गेला की हर हर महादेवचा गजर उठायचा. त्या दिवसापासून मी घरातही मॅडम झाले. सासूबाईसुद्धा कधीमधी हसत म्हणायच्या, "मॅडमले इचारा, चहा घेते का."

पुढे किती पोळे आले आणि गेले. दरवर्षी झडती नवी असायची, हात तोच. इतर लोकही झडत्या म्हणत, पण शेवटची आबांचीच, हे ठरलेलं. मला तेव्हा त्या हाताचं काही विशेष वाटत नसे. वर्गात मी खांद्याची आकृती फळ्यावर काढायची, नावं द्यायची, मुलं उतरवून घ्यायची. घरचा खांदा पुस्तकातल्यासारखाच असेल, एवढं गृहीत धरलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आबा चांद्याला नाल्यावर पाणी पाजून परत आणत होते. आमच्या जोडीतला चांद्या धडधाकट पण भित्रा, हरण्या शांत. कासरा आबांनी मनगटाला गुंडाळून घेतला होता. तसा गुंडाळू नये, हे तुमच्या बाबांना लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. हायवेवर एका ट्रकने मागून हॉर्न वाजवला, चांद्या उधळला, आणि हात वर आणि मागे असा ओढला गेला. मी पोचले तेव्हा ते लिंबाखाली बसले होते. डाव्या हाताने उजवा हात धरलेला, जसं दुसऱ्याचं काही सांभाळायला घेतलं असावं. मला पाहून म्हणाले, "मॅडम, हात जाग्यावर नाई राह्यला." मग जमलेल्या लोकांकडे वळून, "चांद्याले कोनी मारू नका बे. थो भेला, त्याचा काय गुन्हा?"

खामगावच्या डॉक्टरांनी सांधा जागेवर बसवला, हात गळ्यातल्या झोळीत अडकवला. झोळी निघाल्यावर आबांनी हात उचलायचा प्रयत्न केला. खांदा कानाकडे गेला आणि हात तिथेच लोंबत राहिला. 'मला काय माहीत' असं म्हणताना माणूस खांदे उडवतो ना, अगदी तसं दिसलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. "हे काय होऊन राह्यलं?" त्यांनी मला विचारलं, डॉक्टरांना नाही.

घरी आल्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या मागे आकृती काढली. खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचं टोक गोळ्यासारखं असतं आणि तो गोळा ज्या वाटीत बसायचा ती वाटी फारच लहान आणि उथळ. वाटी कसली, चहाची बशीच. खुब्याच्या सांध्यात गोळा खोल वाटीत रुतलेला असतो, म्हणून तो निसटत नाही आणि हातासारखा फिरतही नाही. खांद्यात मात्र गोळ्याला बशीवर धरून ठेवायचं काम चार स्नायूंचं. एक पुढून, एक वरून, दोन मागून, चार दोऱ्या बांधाव्यात तसे. त्यांच्यावर टोपीसारखा बसलेला मोठा स्नायू हात उचलतो, पण चारांनी गोळा दाबून धरला तरच. त्यांनी सोडला तर मोठा स्नायू गोळ्यालाच वर खेचतो, गोळा वरच्या हाडाच्या छपरावर जाऊन आदळतो, आणि हात खालीच राहतो.

आबा लक्ष देऊन ऐकत होते. "एवढा नाजूक काऊन बनोला? मजबूत बनवाले काय झालं होतं?"

"मजबूत असता तर एवढा फिरला नसता. तुम्हाला पाठही खाजवता आली नसती."

"बैलाले बी असंच असते का?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं की बैलाला हासळीचं हाड नसतंच. माणसाचा अख्खा हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त त्या एका बारीक हाडाने, गळ्याखाली बोटाने चाचपता येतं त्या. मागचा फरा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, तर बरगड्यांवर नुसता सरकत असतो. बैलाला तेवढंही हाड नाही. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले. छातीचा सगळा भार दोन पायांच्या मधे झोळीसारखा टांगलेला. आबांनी डाव्या हाताने कागद जवळ ओढला.

"म्हंजे आमी जिंदगीभर जू ठेवलं, नांगर वढाले लावला... थे सारं नुसत्या मासावर?"

"मांस नाही, स्नायू."

"थेच थे, मॅडम. खांदशेकणी काऊन करतेत, थे आज समजलं मले."

दुसऱ्या दिवशी पारावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "बैलाले हासळीचं हाड नसते, माहीत हाये का बे तुले?" त्या दिवसांत ते अजून असे होते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर लावून दाखवली. वरची दोरी तुटून आत ओढली गेली होती, मागची एकही तशीच. त्या जागी स्नायू असा फारसा उरलेला नव्हता, चरबी होत आली होती. "ताई, हे एका दिवसाचं नाही. वर्षानुवर्षं झिजत आलंय, बैलाने शेवटचा झटका दिला. आता टाका घालणं म्हणजे ओल्या कागदाला टाका घालणं." एक मोठं ऑपरेशन होतं, ज्यात गोळा आणि वाटी बदलून बसवतात. तुमचे बाबा तिकडून पैसे पाठवायला, स्वतः यायला तयार होते. पण आबांचं हृदय तपासणाऱ्या डॉक्टरांनी भूल द्यायला मान्यता दिली नाही. कुणाची चूक नव्हती. चूक असती तर मला राग धरायला जागा तरी मिळाली असती.

परतताना एसटीत आबांनी विचारलं, "मॅडम, तुह्या चार दोऱ्यांपैकी किती राह्यल्या?"

"दोन."

"दोन बैलावर तं गाडी चालते."

पुढून एक आणि मागून खालची एक, एवढ्यावर गोळा थांबत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना ते सांगण्याची हिंमत कुठून आणायची हे मला पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं.

तरीही आम्ही व्यायाम सुरू केले. खामगावच्या फिजिओथेरपीच्या मुलीने नीट क्रम शिकवला होता आणि क्रम असला की मला बरं वाटतं. आधी बाजेवर उताणं झोपून हात उचलायचा, कारण तेव्हा हाताचं वजन कमी लागतं. मग उशांना रेलून. मग बसून. शेवटी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. मधल्या खोलीची, धान्याच्या कोठीशेजारची भिंत आम्ही ठरवली होती. आबा हसायचे. "पाल चढून राह्यली पाहा भितीवर." पाल छातीपर्यंत जायची, कधी हनुवटीपर्यंत. मग थकून खाली यायची.

एका हाताने जू चढवता येत नाही, त्यामुळे जोडी विकावी लागली. आपल्यामागच्या गल्लीतल्या सलीमभाईंनी घेतली. त्यांचा आणि आबांचा एकाच बांधावर जन्म गेलेला. बैल सोडायला आले तेव्हा आबा गोठ्याबाहेर आलेच नाहीत. सलीमभाई आत जाऊन म्हणाले, "आबा, गोठा माहा, बैल तुमचेच. दरसाल खांदशेकणीले तुमच्या दारात आनीन. भाभीच्या हातानंच लोनी लागन." पहिल्या वर्षी त्यांनी शब्द पाळला, पण तेव्हा आबांचा खांदा ठणकत होता आणि ते आतच पडून होते. पोळ्यालाही गेले नाहीत. शेवटची झडती त्या वर्षी कुणी म्हटलीच नाही, असं नंतर कळलं.

मागच्या वर्षी मात्र आबा अंगणात स्टुलावर येऊन बसले. मी हरण्याचे खांदे चोळले, मग चांद्याचे. आता मी बैलाला घाबरत नाही, पण बोटांखाली तो फरा कातडीआड सरकताना लागतो तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो. वाटीत थोडं लोणी उरलं होतं. सलीमभाईंनी डोळ्याने आबांकडे खुणावलं.

"भाभी, तिसरा बैल राह्यला ना."

"हा मारका हाये," मी म्हटलं. माझ्या तोंडचं वऱ्हाडी ऐकून सलीमभाई खो-खो हसले. आबांनी गुपचूप सदरा काढला. मी हळद-लोणी घेतलं आणि खांद्यापासून पार बोटांच्या टोकांपर्यंत चोळत नेलं, आणि कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"अशा शुद्ध मराठीत बैल येत नसते, मॅडम."

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

त्यांनी बैलासारखी मान हलवली, नाकातून फुर्रकन आवाज काढला. चांद्याने वळून पाहिलं. एवढं हसलेलं ते घर त्यानंतर मी पाहिलं नाही.

सलीमभाई गेल्यावर आबा तसेच, हळद अंगावर घेऊन मधल्या खोलीत गेले आणि भिंत चढायला लागले. हनुवटी ओलांडली. नाक ओलांडलं. बोटं कपाळाच्या उंचीवर जाऊन थांबली, खाली आली नाहीत. पिवळी बोटं भिंतीवर उमटत गेली होती. "मॅडम! पाहा, पाहा... उद्या झडती म्हनतो मी."

"भिंत सोडून बघा आधी," मी म्हटलं.

त्यांनी भिंत सोडली. खांदा कानाला लागला आणि हात छातीपाशी आला. भिंत होती तोवर वजन भिंत झेलत होती. त्यांनाही ते समजलं असणार. पण ते एवढंच म्हणाले, "उद्या जाईन वर. आवतन घेतलं हाये."

पोळ्याला मी पारासमोर बायकांत उभी होते. तोरणाखाली जोड्या लागल्या, इतरांच्या झडत्या झाल्या, आणि मग आबा पारावर चढले. आवाज तोच होता. झडती त्यांनी स्वतःवरच रचली होती, हासळीच्या हाडावर. लोक पोट धरून हसत होते. शेवटची ओळ आली, संपली... आणि सगळं गाव त्यांच्या उजव्या हाताकडे बघत थांबलं. खांदा वर गेला. हात गेला नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. मग आबांनी डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर खालून धरलं आणि ढकलत ढकलत कपाळापर्यंत नेलं. उन्हातून लांबचं बघताना माणूस कपाळावर हात धरतो, तसे ते दिसले. गावाने गजर केला. दरवर्षीपेक्षा मोठा केला. शिट्ट्या वाजल्या, कुणी गुलाल उधळला. लोकांनी प्रेमाने केलं सगळं, त्यात काडीचा कमीपणा नव्हता. मी फक्त त्यांचा चेहरा बघत होते. ज्याने खोटी सही केली आहे आणि ती चालून गेली आहे, अशा माणसाचा तो चेहरा होता.

घरी आल्यावर मी ताट वाढलं. पुरणपोळी, वर तूप. ते ताटावर बसले आणि हात लावेनात.

"जेवा ना."

"ज्याले आवतन देल्लं होतं, थो आलाच नाई, मॅडम."

मला क्षणभर वाटलं थट्टा आहे. मी हसलेसुद्धा. मग त्यांच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि ताट उचललं.

त्यानंतर भिंत बंद झाली. मी सांगितलं, रागावले, फिजिओथेरपीच्या त्या मुलीला फोनवर बोलायला लावलं. ते कुणाला नाही म्हणत नव्हते. हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. पारावर जाणं सुटलं. बाबांचा फोन आला की "मस्त चालू हाये" म्हणायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे. तुम्हाला व्हिडिओवर दिसायचे ते आबा तेव्हा असे होते. हिवाळ्यात त्यांची पाठ चोळून देताना माझ्या लक्षात आलं, फऱ्याच्या वरच्या बाजूला खळगा पडला आहे. वरचा स्नायू जिथे असायला हवा तिथे काहीच उरलं नव्हतं. नुसती हाडाची कड आणि तिच्यावर ताणलेली कातडी; साबणाचं पाणी त्या खळग्यात साचून राहायचं. मी वर्गात काढायची ती सगळी आकृती तिथे बोटांनी वाचता येत होती. खांद्याविषयी मला जेवढं माहीत आहे तेवढं या गावात कुणाला माहीत नसेल, आणि त्यातलं काहीएक उपयोगाला आलं नाही. कुठली दोरी तुटली, का तुटली, हात का चढत नाही, कुठपर्यंत चढेल, सगळं मी आधीच सांगू शकत होते. ते फक्त बघत राहायचं होतं.

यंदाच्या आषाढात ते पडले. रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायची त्यांना सवय लागली होती. पायरी ओली होती आणि ते उजव्या अंगाला गेले. पडताना माणूस विचार करत नाही. हात आपोआप पुढे येतो आणि जमीन अडवतो. त्यांचा आला नाही. सगळा भार खुब्यावर गेला आणि हाड मोडलं. ओजस, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पुढचं सगळं दवाखान्यातलं, म्हाताऱ्या माणसाचं नेहमीचं. पडून राहिल्याने छाती भरली. ऑपरेशनला हृदय पुन्हा आड आलं. श्वास लागायचा, तरी डोकं शेवटपर्यंत साफ होतं. शेवटचं नीट बोलणं झालं ते एका दुपारी. त्यांनी विचारलं, "खांदशेकणी कवा हाये?"

"आहे अजून. महिना आहे."

"औंदा मले आवतन नको देऊ." थोडा दम घेतला. "घेऊन न येनं बरं नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. बाबा येईपर्यंत आम्ही थांबलो, ते तुम्हाला माहीत आहे. तिरडीला पुढून उजवीकडे सलीमभाई होते.

परवा संध्याकाळी ते बैल घेऊन येतील की नाही, मला शंका होती. तरी मी पाणी तापवून ठेवलं, हळद-लोणी कालवलं. ते आले. मी हरण्याचा खांदा शेकला, चोळला. चांद्याचा चोळला. वाकून त्याच्या कानाशी गेले आणि शब्दच येईनात. मग सलीमभाईच वाकून दोघांच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सवयीने त्यांची नजर स्टुलाकडे गेली आणि ते घाईने दावं सोडायला लागले. निघताना म्हणाले, "भाभी, पुढच्या साली बी आनीन." मी मान हलवली. पुढच्या वर्षी मला ते जमेल असं वाटत नाही. वाटीत लोणी उरलं होतं, ते मी विसळून टाकलं.

काल पोळ्याला मी गेले नाही. गजर घरापर्यंत ऐकू आला. हात कुणी वर केला, विचारलं नाही.

बाबांनी परत जाण्याआधी घर आवरून दिलं, मधल्या खोलीला चुना मारून घेतला. मला बघवणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. हळदीचा पिवळा रंग त्याखाली गेला. लोणी मात्र गेलं नाही. या पावसाच्या दमटपणात तेलकट डाग चुन्यातून वर आले आहेत. चार बोटांचे, एकावर एक. छातीपासून सुरू होतात, हनुवटीशी दाट आहेत आणि कपाळाच्या उंचीला थांबतात. त्याच्या वर भिंत पांढरी आहे.

एवढं शिल्लक आहे.